वैमानिक आप्ताचे चरित्र : बखर आणि दप्तर

मराठी चरित्रवाङ्मयात आप्तस्वकीयांनी लिहिलेल्या चरित्रांचे स्थान मानाचे आहे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्यानंतर पाव शतकाने आली. या ग्रंथांचा अधिकार कशात आहे असे विचारले, तर उत्तर एकच द्यावे लागते : लिहिणारी व्यक्ती तेथे हजर होती. माजघर, ओसरी, भांडणे, आजारपणे, कीर्तने या साऱ्यांना ती साक्ष होती. चरित्रनायक सभेत काय बोलला हे इतरांनी लिहावे. तो घरी परतल्यावर जेवला की नाही, हे तिनेच लिहावे.

युद्धात विमान चालविलेल्या आप्ताचे चरित्र लिहू पाहणाऱ्यापाशी नेमका हाच अधिकार नसतो. पायदळातील शिपायाच्या मागेपुढे माणसे असतात. कोणी तरी गावचा, कोणी तरी पलटणीतला, आणि त्यांच्या तोंडून काही ना काही घरापर्यंत पोचते. एकासनी लढाऊ विमानात मात्र दुसरा साक्षीदार नाही. मुलगी, नातू, पुतण्या यांच्या वाट्याला येतो तो सणावारी सांगितलेल्या चार गोष्टींचा ठेवा, एक-दोन छायाचित्रे, आणि दैव अनुकूल असेल तर वैमानिकाचे लॉगबुक. म्हणजे आप्त असूनही लेखकाला परक्यासारखे दप्तराच्या दाराशी उभे राहावे लागते. या चरित्रप्रकाराची सारी अडचण, आणि त्याचे सारे सामर्थ्यही, येथे आहे.

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड राजवाडे यांनी 1898 साली काढला, तेव्हा बखरीवर विसंबण्याची आपली खोड त्यांनी कठोरपणे दाखवून दिली होती. त्यांचा आग्रह होता अस्सल पत्रांचा. घरातील युद्धकथा ही बखरच होय : घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, ऐकणाऱ्याची आवड पाहून, कित्येकदा एखाद्या मधल्या माणसाच्या तोंडून आलेली. लॉगबुक हे पत्र. तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, वैमानिकाचे नाव, सोबत असल्यास दुसऱ्याचे, कामगिरी, आणि दिवसरात्रीचे तास-मिनिटे, एवढ्या रकान्यांत एक माणूस कोंबलेला असतो. महिन्याअखेर बेरीज, तिच्याखाली वरिष्ठाची सही. भय, आनंद, थकवा यांना रकाना नाही. ज्या दिवशी सोबतीचे विमान परतले नाही त्या दिवशीही कामगिरीच्या रकान्यात दोन-तीनच शब्द असतात; आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाची नोंद जणू काही घडलेच नाही अशी खाली येते.

पण दप्तर केवळ कोरडे नसते. ते बखरीचा प्रश्नच बदलून टाकते. आजोबांनी ब्रह्मदेशात जपानी विमाने पाडली, असे अनेक घरांतून अभिमानाने सांगितले जाते. महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय हवाईदलात एकच स्क्वाड्रन होते. युद्धाच्या अखेरीपर्यंत ती संख्या 9 झाली. 1944 साली इंफाळच्या वेढ्यात अर्जनसिंग यांच्या हाताखालील पहिले स्क्वाड्रन हरिकेन विमाने घेऊन जे काम करीत होते, ते प्रामुख्याने टेहळणीचे. विमाने जोडीने जात. पुढच्याने खालची जमीन वाचावयाची, मागच्याने आकाश. रान, नदीचे उतार, नव्याने तुटलेल्या फांद्या, धुराची रेघ हे पाहून परत येणे आणि पाहिलेले अचूक सांगणे, यात त्यांचा पराक्रम होता. शत्रूचे विमान पाडल्याची नोंद नातवाला सापडत नाही, आणि तो खट्टू होतो. वास्तविक त्याला सापडलेली वस्तू अधिक मोलाची असते. आजोबा पाहण्यासाठी गेले होते. हे ज्या चरित्रकाराला उमगेल, त्याच्या लेखणीला शौर्याची निराळी व्याख्या करावी लागेल. आणि आपल्या वीरचरित्रांनी अद्याप ती केलेली नाही.

या जागी मराठी लेखकाला एक मोह नेहमी पडतो, तो कादंबरीचा. दोन नोंदींमधील पोकळी संवादांनी भरून काढावी, वैमानिकाला मेघांत विचारमग्न करावे, त्याच्या ओठी मातृभूमीविषयी दोन वाक्ये घालावी! ऐतिहासिक कादंबरीने आपल्या वाचकाला ही चटक लावली आहे, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, पोकळी तशीच ठेवणारे चरित्र वाचकावर अधिक विश्वास टाकते. ‘येथे नोंद नाही’ हे वाक्य लिहिण्यास लागणारे धैर्य लहान नव्हे.

दप्तरापर्यंत पोचणेही सर्वांना सारखे सोपे नाही. रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रनांच्या दैनंदिन कार्यवाहीच्या वह्या लंडननजीक क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर 27’ या मालिकेत आहेत. कोणी मागणी न केलेली असंख्य लॉगबुके 1960च्या सुमारास नष्ट करण्यात आली. नमुन्यादाखल थोडी राखली गेली. भारतीय हवाईदलाच्या 1933 ते 1945 या काळाचा अधिकृत इतिहास 1961 साली निघाला, परंतु तो मोहिमांचा इतिहास आहे, माणसांचा नव्हे. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी एखादे आज रायपूरच्या भनपुरीत, कारखान्यांच्या शेजारी नांदत असेल आणि त्याच्या ट्रंकेत असे लॉगबुक असेल, तर ते वाचण्याची किल्ली मात्र दिल्लीस वा लंडनला आहे. संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक कागद सामान्यतः 25 वर्षांनी खुले करण्याचे धोरण 2021 साली जाहीर केले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर यांचे चरित्र त्यांची कन्या ज्योती राय यांनी इंग्रजीत लिहिले आणि ते 2010 साली प्रसिद्ध झाले. मुळगावकर 1940 साली हवाईदलात आले. 1947-48च्या काश्मीर मोहिमेतील कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले. 1976 ते 1978 ते हवाईदलप्रमुख होते. ग्रंथ निघाला तेव्हा चरित्रनायक हयात होते. त्यांचे निधन 2015 साली झाले. लेखिका नाणकशास्त्राच्या अभ्यासक आहेत, हा योगायोग लक्षणीय वाटतो. झिजलेल्या अक्षरांवरून काळ ठरविण्याची सवय असलेल्या माणसाने वडिलांच्या स्मृतीकडे वळावे, यात औचित्य आहे. पण जिवंत साधन हे सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत धोक्याचे. कागदाला उलट प्रश्न विचारता येतो. वडिलांना विचारताना मुलीची जीभ अडखळते. कन्येने लिहिलेले कोणतेही सेनानीचरित्र वाचताना टीकाकाराने हीच जागा शोधावी : कोठे ती मुलगी म्हणून थांबली, आणि कोठे अभ्यासक म्हणून पुढे गेली.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलात लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी ते एक. 1918च्या जूनमध्ये, 23व्या स्क्वाड्रनचे एकासनी डॉल्फिन विमान घेऊन गेले असता ते परतले नाहीत. 30 जून हा त्यांचा मृत्युदिन, आणि फ्रान्समधील हँगार्ड येथे त्यांची समाधी आहे. त्यांच्याविषयी शोध घेणाऱ्याला पहिली लढाई वर्णांशी द्यावी लागते. इंग्रजी नोंदवहीतील नाव देवनागरीत आणताना ते वेलिंगकर होईल की वेलणकर? मधले नाव ‘चंदा’ की ‘चुंडा’? अनुवादकाला हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाही. तसाच ‘मिसिंग’ हा शब्द. आपण ‘बेपत्ता’ म्हणतो. त्यात पत्ता नाहीसा होतो, माणूस नव्हे. मराठी शब्द येथे मूळ शब्दाहून अधिक आशा राखतो, आणि कुटुंबे त्या आशेवर वर्षे काढतात.

किती वर्षे, याचे उदाहरण फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे. 5 डिसेंबर 1971 रोजी शोरकोट रोड येथील विमानतळावर हल्ला करण्यास गेलेले त्यांचे सुखोई परतले नाही. त्या युद्धातून न परतलेल्या आणि पाकिस्तानात कैदेत असल्याचे मानल्या गेलेल्या 54 जणांच्या यादीत त्यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या व अर्जुन पुरस्काराच्या मानकरी, अर्धशतक हा शोध करीत राहिल्या. 1983 व 2007 साली बेपत्ता जवानांचे नातलग पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. हाती काही लागले नाही. चंदर सुता डोग्रा यांनी या साऱ्या प्रकरणाचा ‘मिसिंग इन ॲक्शन’ या ग्रंथात जो धांडोळा घेतला आहे, त्याची खरी नायिका, वाचकाच्या दृष्टीने, शोध घेणारी माणसेच आहेत. वैमानिकाचे चरित्र येथे काही वर्षांचे; शोधाचे पन्नास वर्षांचे.

या शोधाचा एक आधार होता डाक्क्याच्या इंग्रजी वृत्तपत्रातील बातमी. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्या बातमीने एक नाव दिले होते : फ्लाइट लेफ्टनंट ‘टॉम्बे’. मराठी माणसाला ते वाचताच ‘तांबे’ ऐकू येते. सरकारी दप्तराला मात्र ते दुसरे नाव वाटू शकते, आणि एवढ्या एका स्वराच्या फरकावर कुटुंबाला पुन्हा अर्ज लिहावा लागतो.