नोहाचे तारू आणि माडियांचे धान्य

डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘रानमित्र’ हे पुस्तक प्राण्यांच्या गोष्टी म्हणून मुलांच्या हाती देऊन मोकळे होण्याचा संभव आहे. आमच्या मते पाळकांनी ते उत्पत्तीच्या नवव्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावे.

हेमलकशाच्या प्राणी-अनाथालयास ‘अ‍ॅनिमल आर्क’, म्हणजे नोहाचेच तारू, असे नाव आहे. त्याचा उगम मात्र भुकेत आहे. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली भामरागडच्या रानात सुरू झाला. एकदा माडिया गोंड शिकारी मारलेली माकडीण घेऊन चालले होते व तिचे जिवंत पिलू मेलेल्या आईला बिलगून दूध शोधीत होते. आमटे दांपत्याने ते मागून घेतले आणि बदल्यात धान्य दिले. ‘बबली’ नावाच्या या पिलापासून तारवाचा आरंभ झाला.

शिकाऱ्यास पापी ठरविण्याची घाई येथे नाही, हे आम्हांस विशेष वाटते. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालीच झाला होता. पण त्याने माडियांचे पोट भरत नव्हते. उत्पत्तीतही नोहाला मांस खाण्याची मुभा आणि सर्व सजीवांशी करार ही एकाच अध्यायात, काही वचनांच्या अंतराने येतात. उपदेशात आपण मेघधनुष्य घेतो व मुभेचे वचन गाळतो.

एक उणीव सांगितली पाहिजे. नोहाच्या तारवाचे दार अखेरीस उघडले. माणसाच्या हाताने वाढलेला बिबट्या सहसा रानात परत जाऊ शकत नाही. त्याला पिंजराच घर होतो. लेखकाची माया वाचकास इतकी गुंतविते की हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. शिवाय विषय प्राण्यांचा असल्याने माडिया माणूस साहजिकच मागे पडतो. त्यासाठी त्यांचेच ‘प्रकाशवाटा’ वाचावे लागेल.

येथे उज्जैनला, टावर चौकाच्या गजबजाटात हे पुस्तक वाचणाऱ्यास आपल्याच राज्यातील कुनो आठवल्यावाचून राहत नाही. गीरच्या सिंहांना जागा व्हावी म्हणून तेथील चोवीस गावे, बहुतांशी सहरिया आदिवासींची, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून उठविण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सिंह आणण्याचा आदेश दिला, तरी सिंह आले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते आले. हेमलकशात पिलू मागताना धान्य पुढे केले गेले होते. कुनोत प्रथम गाव मागितले गेले.

धर्मशिक्षणाच्या वर्गात नोहाची कथा सांगताना बबलीची हकिगत जरूर सांगावी. मात्र शिकाऱ्यांना दिलेले धान्य त्यातून गाळू नये.