कुळ आणि मठ : पाटणच्या शिलालेखाचा पुनर्विचार

चाळीसगावनजीक पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली विद्वानांपुढे मांडला. तेव्हापासून तो प्रामुख्याने भास्कराचार्यांच्या वंशावळीकरिता वाचला जातो. कविचक्रवर्ती त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत नऊ पिढ्यांची नावे त्यात आहेत. मात्र कुलगौरव हाच त्याचा हेतू मानणे आम्हांस सयुक्तिक वाटत नाही.

याच घराण्याचा बहाळ येथील लेख शेजारी ठेवावा. तो शके ११४४ (इ. स. १२२२) मधील आहे. भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव याने देवीचे मंदिर उभारले आणि प्रशस्ती रचली त्याच्याच बंधूने, महेश्वराने. तेथे कुळानेच कुळाची स्तुती केली आहे. पाटणचा लेख याहून पुढे जातो. सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणि' आदी ग्रंथ व वंशजांच्या कृती नियमाने शिकविल्या जाव्यात म्हणून मठ स्थापिला. निकुंभ सोइदेवाने त्यास शके ११२८ मध्ये दान दिले.

स्वकुळाचेच ग्रंथ नेमणे हाही अभिमानच, असा आक्षेप येईल. तो अंशतः मान्य आहे. परंतु ग्रंथ आपले असले, तरी त्यांचा सांभाळ चांगदेवाने केवळ आपल्या संततीवर सोपविला नाही. इटलीतील लुक्का नगरात त्याच शतकात बेर्लिंगिएरो हा चित्रकार व त्याचे तीन पुत्र चित्रे रंगवीत होते. त्यांपैकी बोनाव्हेंतुरा याचे संत फ्रान्सिसचे चित्र १२३५ मधील आहे. चित्रकाराच्या घरी कसब बापाच्या हातून मुलाच्या हाती जाते. गणिताला मात्र अध्यापक हवा, शिष्य हवा आणि दोघांच्या निर्वाहाची सोय हवी.

म्हणूनच लेखाच्या अखेरीस संस्कृत श्लोक थांबतात आणि मराठी सुरू होते. बाजारातील विक्रीवरचा राजभाग मठास मिळावा, घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, असे ती सांगते. या ओळी आजवर जुन्या मराठीचा नमुना म्हणून अभ्यासिल्या गेल्या; लेखाच्या अर्थनिर्णयात त्यांना क्वचितच स्थान मिळाले. वस्तुतः स्तुती विद्वानांच्या भाषेत आहे आणि देणे मात्र देणाऱ्यांच्या भाषेत. नऊ पिढ्यांचे वैभव सांगून झाल्यावर दहाव्या पिढीचा भरवसा लेख घाण्याच्या तेलावर ठेवतो. त्याचे खरे मोल या विवेकात आहे.