रिकाम्या जागेचा अंदाज

नागपूरच्या झीरो माइलच्या दगडावर हैदराबाद, जबलपूर अशा शहरांची अंतरं मैलांत कोरली आहेत. ॲरेचा इंडेक्स असाच वाचावा: अनुक्रमांक म्हणून नव्हे, आरंभापासूनचं अंतर म्हणून. म्हणूनच पहिला घटक शून्यावर असतो. पत्ता काढायला एक गुणाकार आणि एक बेरीज पुरते. घटक दहावा असो की दहा लाखावा, वेळ तेवढाच.

पण ॲरेची लांबी जन्मतःच ठरते. ती वाढती कशी करायची, हे नागपुरात अभियांत्रिकीला डेटा स्ट्रक्चर्स शिकणाऱ्या प्रत्येकानं एकदा स्वतः लिहून पाहावं आणि मग जावाच्या ॲरेलिस्टचा मूळ कोड सावकाश वाचावा. १९९८ च्या जावा १.२ पासून तो आहे. लेखक म्हणून जोश ब्लॉक आणि नील गॅफ्टर यांची नावं त्यावर आहेत.

त्याचं मर्म एका ओळीत आहे. जागा भरली की नवी क्षमता म्हणजे जुनी अधिक तिची निम्मी: १०, १५, २२, ३३, ४९, ७३, १०९. दर खेपेला नुसत्या १० जागा वाढवल्या असत्या, तर १,००० घटक साठवताना जुने घटक उचलून नव्या जागी ठेवण्याचं काम ४९,५०० वेळा करावं लागलं असतं. दीडपटीत ते २,४५६ वेळा होतं, म्हणजे घटकामागे जेमतेम अडीच. एखादी भर महाग पडते, पण तो खर्च आधीच्या असंख्य स्वस्त भरींत विरून जातो. या हिशेबाला रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ मध्ये शास्त्रशुद्ध मांडणी दिली. शिवाय निम्मं काढायला भागाकार नाही. बिट्स एक घर उजवीकडे सरकवले की झालं. इतक्या थोडक्यात इतकी दूरदृष्टी क्वचितच दिसते.

सुरुवातीची एक जागा सहज नजरेतून सुटते. जावा ८ मध्ये रिकामी यादी जन्मताना काहीच जागा घेत नाही. पहिला घटक आला की १० घेते. पण क्षमता शून्य असं मुद्दाम सांगून यादी बनवली, तर ती १, २, ३, ४, ६, ९ अशी जपून वाढते. हा भेद ठेवायला कोडमध्ये दोन वेगळे रिकामे ॲरे आहेत. आत दोन्ही सारखेच रिते, फरक केवळ ओळखीचा! हा बारकावा मला फार आवडतो.

मध्येच घटक घालायचा तर हाती लिहिताना सरकवणं शेवटाकडून सुरू करावं लागतं. पुढून सुरू केलं, तर एकच किंमत पुढच्या सगळ्या घरांत उमटत जाते. काढताना उलट, पुढून. जावात हे काम ॲरेकॉपी बिनबोभाट सांभाळतं.

काढून झाल्यावर शेवटचं मोकळं घर नल केलं जातं. उत्तरावर त्याचा काहीच परिणाम नाही, तरी ही ओळ हवीच: नाहीतर टाकून दिलेली वस्तू यादी धरून ठेवेल आणि गार्बेज कलेक्टरला ती उचलता येणार नाही.

घटक कमी झाले, तरी क्षमता मात्र आपोआप आटत नाही. वाढण्याच्या उंबरठ्यावरच आटायची सवय लावली, तर एक घाल, एक काढ अशा प्रत्येक खेपेला सगळी यादी हलवावी लागेल. ज्याला जागा खरोखर परत हवी, त्याच्यासाठी ट्रिमटूसाइझ वेगळं ठेवलं आहे.