हातचा एक

‘मॉण्टेसरी’ हा शब्द मराठीत इतका रुळला की रुळता रुळता त्याचा अर्थच आक्रसला. आपल्या बोलण्यात मॉण्टेसरी म्हणजे पहिलीच्या आधीची शाळा. मूल सहा वर्षांचे झाले की मणी आणि ठोकळे कपाटात जातात व फळ्याचे राज्य सुरू होते. वस्तुतः मारिया मॉण्टेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले आणि १९१६ साली प्राथमिक शाळेतील स्वयंशिक्षणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोडाईकनाल येथे राहताना त्यांनी सहा ते बारा या वयाचाच विचार पुढे नेला. आपण मात्र त्यांच्या विचाराचा पूर्वार्ध तेवढा घेतला.

या दृष्टीने गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ पुन्हा वाचावे असे पुस्तक आहे. वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आलेल्या गिजुभाईंनी १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले. मॉण्टेसरीबाईंचा विचार त्यांना भेटला तो ग्रंथांतून. जून १९३९मध्ये गिजुभाई निवर्तले आणि बाई मद्रासला पोहोचल्या त्या त्याच वर्षाच्या अखेरीस. मूळ गुजरातीतील या कथारूप पुस्तकात एक शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभरासाठी प्रयोग म्हणून मागून घेतो.

पहिल्याच दिवशी तो मॉण्टेसरी पद्धतीतील शांततेचा खेळ मांडतो, आणि पुरता फसतो. मुले चित्रविचित्र आवाज काढतात, हसतात, खेळ उधळून लावतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट घेऊन येतो आणि तोच वर्ग तल्लीन होऊन ऐकू लागतो. माझ्या मते पुस्तकाचे मर्म येथे आहे. पद्धतीचा पुरस्कर्ता लेखक त्या पद्धतीचा पराभव आरंभीच मांडतो, आणि दोष मुलांच्या माथी मारीत नाही. साधन पवित्र नाही, समोरचे मूल आधी पाहावे, हा धडा तो स्वतः शिकून आपल्याला शिकवतो.

तरीही पुस्तकाच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. नायकाला यश फार लवकर मिळते. सहशिक्षक पुष्कळदा केवळ त्याला उठाव देण्यापुरतेच येतात. अधिक महत्त्वाची उणीव अशी की, गोष्ट, खेळ आणि नाट्य यांना येथे जेवढी जागा आहे, तेवढी गणिताला नाही. मुलांच्या हातांना काम मिळते, परंतु अमूर्त कल्पना हातातून डोक्यात कशी चढते, ते दिसावे तितके दिसत नाही. नेमके तेच मॉण्टेसरीबाईंचे बलस्थान होते.

एक साधे उदाहरण घेऊ. सत्तावीस आणि पंधरा यांची बेरीज करताना आपली मुले ‘बाराचे दोन, हातचा एक’ असे घोकतात. शब्द ‘हातचा’, पण हात रिकामा! मॉण्टेसरी वर्गात सुटा मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची कांडी म्हणजे दशक, शंभरांचा चौरस आणि हजारांचा घन. मूल सात आणि पाच मणी एकत्र करते, त्यांतले दहा देऊन एक कांडी घेते आणि ती इतर तीन कांड्यांशेजारी ठेवते. चार कांड्या, दोन मणी : बेचाळीस. हातचा एक खरोखर हातात आला, आणि तो एक नसून दहा आहे हेही कळले. पुढे एके दिवशी मूल आपण होऊन मणी बाजूला सारते. वस्तूची गरज संपणे, हेच त्या वस्तूचे यश.

भरगच्च वर्ग, परीक्षा आणि पैसा यांची अडचण पुढे केली जाईल, आणि ती खोटी नाही. पण भावनगरला गिजुभाईंच्या सोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला, आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर, शिंपले, बिया, खडे अशा भोवतालच्या वस्तूंतून साधने उभी केली. ते काम प्रामुख्याने बालवयातले असले, तरी चिंचोके दहा-दहांनी बांधायला पहिली-दुसरीच्या वर्गातही मोठा खर्च येत नाही.

आपल्या कुटुंबांना तर ही गोष्ट अपरिचित नसावी. आई बाळाचा हात धरून कपाळापासून क्रुसाची खूण करायला शिकवते, तेव्हा बाळाला शब्दही येत नसतात. हात आधी शिकतो, अर्थ मागाहून येतो. घरी आपण जे सहज करतो, ते सहाव्या वर्षी शाळेच्या दाराशी का थांबावे?

‘दिवास्वप्न’ या नावातच लेखकाचा विनय आहे. परंतु स्वप्नाची परीक्षा जागेपणी होते. पुढच्या पालकसभेत मुलाला गुण किती मिळाले हे आपण विचारूच. त्यासोबत एवढेही विचारावे : बेरीज शिकताना त्याच्या हातात काय होते?