स्थिरक की शामक? एका यंत्रसंज्ञेची चिकित्सा

यंत्राच्या एखाद्या भागाला नाव देताना आपण तो भाग काय करतो याविषयी एक विधानही करीत असतो. हे विधान चुकीचे असेल तर संज्ञेचा दोष कोशापुरता राहत नाही. तो कारागिराच्या निदानात आणि चालकाच्या विश्वासात उतरतो. डोंगरवाटांवर चालणाऱ्या जीपवर्गीय गाड्यांना बसविण्यात येणारा ‘गॅस-चार्ज्ड स्टेअरिंग स्टॅबिलायझर’ हे ह्याचे बोलके उदाहरण आहे. त्याच्या नावातील दोन्ही पदांची परीक्षा करण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. तेलाने भरलेली एक नळी, तीत सरकणारा दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रे, अशी ह्या उपकरणाची रचना असते. त्याचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला वा आसाला आणि दुसरे पुढची चाके वळविणाऱ्या दांड्याला जोडलेले असते. दांडा हलला की तेलाला छिद्रांतून वाट काढावी लागते आणि त्यातून विरोध उत्पन्न होतो. हा विरोध हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो. चालकाने सावकाश वळविलेले चक्र फारसे अडत नाही; पण खडकावर आदळलेल्या चाकाने दिलेला हिसका मात्र बराचसा तेलातच जिरतो. एकसंध आसाच्या गाडीत, विशेषतः मोठे टायर चढविलेले असताना, ह्या गुणाचे मोल फार आहे. ज्याच्या हातातून चक्र एकदा तरी हिसकले गेले आहे त्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

तथापि हालचाल थांबली की हा विरोधही शून्य होतो. म्हणजे हे उपकरण चाकांना सरळ दिशेस परत आणीत नाही. ते कार्य पुढच्या चाकांच्या वळण-अक्षाच्या कलामुळे होते, आणि फाजील कडक उपकरण त्या परतण्यालाही विलंब लावते. स्थिर करणे म्हणजे ढळलेल्यास मूळ स्थानी आणणे असा अर्थ घेतला, तर ‘स्टॅबिलायझर’ ही संज्ञा येथे लागू पडत नाही. ज्या प्रकारांत मध्यस्थानी आणणारी स्प्रिंगच बसविलेली असते, त्यांपुरती ती सार्थ म्हणता येईल. लक्षणीय गोष्ट अशी की, गाड्यांचे उत्पादक सामान्यतः ‘डॅम्पर’ हाच शब्द वापरतात. सुझुकीने २०१८ साली आणलेल्या जिम्नीच्या नव्या पिढीत हा भाग आहे आणि तेथे त्याचे नाव ‘स्टेअरिंग डॅम्पर’ असेच आहे. ‘स्टॅबिलायझर’ हा शब्द मुख्यतः मागाहून बसवावयाचे सामान विकणाऱ्या बाजारात रूढ आहे. एक शब्द कार्य सांगतो, दुसरा आश्वासन देतो.

आता ‘गॅस-चार्ज्ड’ ह्या विशेषणाकडे वळू. ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की, वायूच्या दाबामुळे उपकरणाची पकड वाढते. वस्तुतः वायूचे काम तेलाची राखण करण्याचे आहे. दट्ट्या जोराने सरकला की त्याच्या मागे तेलाचा दाब उतरतो, बुडबुडे धरतात, तेल फेसाळते आणि फेसाळलेले तेल विरोध करू शकत नाही. नायट्रोजन दाबाने भरला तर हे टळते. १९५० च्या दशकात फ्रेंच अभियंता द कार्बों याने हे तत्त्व एकनळी शोषकात वापरले आणि १९५७ पासून बिल्श्टाइन कंपनीचे तसे शोषक मर्सिडीझ गाड्यांवर आले. परंतु ते शोषक चाकाच्या उभ्या हालचालीसाठी होते. तेथे प्रत्येक चाकाला आपला शोषक असतो आणि वायूच्या ढकलण्याने गाडी किंचित उचलली गेली तरी बिघडत नाही.

स्टेअरिंगच्या आडव्या दांड्यावर स्थिती पालटते. दट्ट्याच्या एका बाजूस दांडा जोडलेला असल्याने तेथे वायुदाबाला तेवढे कमी क्षेत्रफळ मिळते, आणि दांड्याला बाहेर ढकलणारे एक बल सतत शिल्लक राहते. उदाहरणादाखल, दांड्याचा व्यास १२ मिलिमीटर आणि दाब २० बार धरला तर हे बल सुमारे २२६ न्यूटन, म्हणजे २३ किलो वजनाइतके भरते. दाब ५ बार असला तर ते ६ किलोच्या आत राहते. पडताळा सोपा आहे: असे उपकरण सोडवून हाती घ्यावे, दांडा दाबावा आणि सोडावा, तो आपोआप बाहेर येतो. एका बाजूने बसविलेले हे उपकरण सरळ रस्त्यावरही चाकांना एकाच दिशेस रेटीत असते. जे स्थैर्यासाठी घेतले तेच अशा रीतीने गाडीला एका अंगास झुकवू शकते. दोन उपकरणे समोरासमोर बसविल्यास ही बले परस्परांना छेदतात. तेल वायूपासून अलग राखण्यासाठी वायू बंद पिशवीत ठेवणे हाही एक मार्ग आहे.

येथे आमच्या भागातील बोलीची साक्ष काढण्याजोगी आहे. नवी मुंबईत ठाणे–बेलापूर पट्ट्यातील गॅरेजांतून चालक तक्रार सांगतो ती तीन निरनिराळ्या शब्दांनी: गाडी ‘ओढते’, स्टेअरिंगला ‘खेळ’ आहे, आणि चाक ‘थरथरते’. ओढणे हा एका बाजूच्या अखंड बलाचा परिणाम आहे. खेळ हे झिजलेल्या सांध्यांचे वा बेअरिंगचे लक्षण आहे. थरथर हे आंदोलन आहे. डॅम्पर ह्या तिहींपैकी फक्त तिसऱ्यावर उपाय करतो. दुसऱ्या दोषाला तो झाकू शकतो, आणि वायुभारित असला तर पहिला दोष स्वतःच उत्पन्न करू शकतो. ‘स्टॅबिलायझर’ ह्या एका शब्दाने मात्र तिन्ही भेद पुसले जातात. कोणतीही अस्थिरता दिसली की स्थिरक बसवावा, असा न्याय मग चालू होतो.

हा न्याय महाग पडतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी आरंभिली. त्या घराण्यातील एकसंध आसाच्या आणि पाट्यांच्या स्प्रिंगच्या जुन्या गाड्या आजही हौसेने राखल्या जातात. त्यांच्या सांध्यांचे वय लक्षात घेता, थरथर दिसताच नवा डॅम्पर बसविणे म्हणजे झिजलेला सांधा शीव–पनवेल महामार्गावर तसाच नेणे होय. २०२० सालच्या थारमध्ये पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तेथे प्रश्नाचे स्वरूपच वेगळे. २०२१ पासून पुण्याजवळील रांजणगाव येथे जुळणी होऊ लागलेली रँग्लर मात्र एकसंध आसाची आहे.

ह्या रँग्लरच्या बाबतीतच एक आक्षेप संभवतो. अमेरिकेत तिच्या पुढच्या चाकांच्या तीव्र थरथरीविषयी तक्रारी झाल्यावर २०१९ साली कंपनीने नव्या रचनेचा डॅम्पर विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले. थंडीत जुन्या डॅम्परच्या तेलात बुडबुडे धरतात, असे कारण तिने दिले होते. मग डॅम्परच स्थैर्याचा आधार ठरत नाही काय? आमच्या मते ह्या प्रसंगातून दोन गोष्टी निघतात. बुडबुड्यांची बाधा खरी आहे, त्यामुळे वायूच्या योजनेमागील हेतू निराधार नाही; हे मान्य केले पाहिजे. परंतु बुडबुड्यांनी शमनशक्ती घटली, थरथर जन्मली नाही. शमन दुबळे होताच जे प्रकट झाले त्याचे बीज आस, टायर आणि सांधे यांच्या परस्परसंबंधात होते.

मराठी परिभाषेपुरते बोलावयाचे तर ‘सुकाणू-स्थिरक’ असे शब्दशः भाषांतर करून ही चूक आपल्या पाठ्यपुस्तकांत कायम करू नये. ‘सुकाणू’ हा अरबीतून आलेला शब्द नावेचा. जीपच्या चालकाच्या तोंडी तो नाही. त्याच्या तोंडचा ‘स्टेअरिंग’ राखून ‘स्टेअरिंगचा कंपशामक’ म्हणता येईल, आणि कार्यशाळेत ‘डॅम्पर’ म्हटले तरी अर्थहानी नाही. ‘शामक’ ह्या पदाची मराठीतील संगत येथे उपकारक आहे. वेदनाशामक औषधाने वेदना उतरते, व्याधी जात नाही, हे आपल्या भाषेत वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ‘कंपशामक’ म्हटले की तोच विवेक आपोआप जागा होतो: कंप कोठून आला, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्यानंतर तपासणीचा क्रमही सरळ होतो. आधी डॅम्परचे टोक सोडवून सांधे, बेअरिंगे आणि चाकांचा तोल पाहावा, खेळ काढावा, आणि मग, उरलेल्या हिसक्यांसाठी, शामक बसवावा.