सातवाहनांचे कर्तृत्व : नाणेघाट आणि जुन्नर

सातवाहन साम्राज्याच्या कर्तृत्वाचे विवेचन प्रायः नाणेघाटातील नागनिकेच्या ब्राह्मी लेखाभोवती फिरते. त्यात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ आणि गायी, हत्ती, कार्षापणे यांची दक्षिणा अंकांसह नोंदलेली आहे. मात्र हा लेख राजकुलाची आत्मप्रशस्ती आहे. तो समाजाचा आरसा नव्हे. वारूळवाडीपासून जवळच असलेल्या जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणी, तसेच यवन दाते भेटतात. तेथीलच मानमोडी लेण्यातील, क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा दानलेख सत्तांतर दर्शवितो. राजवट बदलली, तरी दानपरंपरा टिकली. म्हणूनच या साम्राज्याचा सांस्कृतिक प्रभाव राजप्रशस्तीपेक्षा व्यापारमार्ग व श्रेणी यांच्या आधारे अभ्यासणे अधिक सयुक्तिक ठरते.