गुरुत्वीय लहरींच्या स्रोतांचे स्थाननिश्चयन आणि हबल स्थिरांक : एक चिकित्सा

प्रस्तावना :
विश्वाच्या प्रसरणाचा दर सांगणाऱ्या हबल स्थिरांकाची आज दोन न जुळणारी मूल्ये आपल्यासमोर आहेत. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून तो ६७.४, तर सेफीड तारे व अतिदीप्त नवतारे यांच्या आधारे सुमारे ७३ किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक येतो. १९८६ मध्ये बर्नार्ड शुट्झ यांनी सुचविलेली गुरुत्वीय लहरींची पद्धती हा वाद मिटवील, अशी अपेक्षा वारंवार व्यक्त होते. प्रस्तुत लेखात या अपेक्षेची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
या पद्धतीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. लहरीच्या स्वरूपावरूनच स्रोताचे अंतर मिळते. अंतरांच्या शिडीची गरज भासत नाही. परंतु स्थिरांकासाठी ताम्रसृतीही लागते, आणि ती सामान्यतः स्रोताची दीर्घिका ओळखल्यावरच मिळते. म्हणून खरा प्रश्न स्थाननिश्चयनाचा आहे.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी तीन शोधयंत्रांमुळे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचे स्थान सुमारे २८ चौरस अंशांत बांधता आले, एनजीसी ४९९३ ही दीर्घिका सापडली आणि स्थिरांक ७० आला. मात्र त्यातील अनिश्चितता +१२ व −८ होती; म्हणजे वादातील दोन्ही मूल्ये तीत सामावतात. याचे एक प्रमुख कारण असे की, कक्षेचा कल आणि अंतर यांचा लहरीच्या आयामावरील परिणाम वेगळा करणे कठीण असते. २५ एप्रिल २०१९ च्या घटनेचे क्षेत्र तर सुमारे ८,००० चौरस अंश होते. दीर्घिका सापडली नाही.

२०१८ मध्ये चेन, फिशबाख व होल्झ यांनी 'नेचर'मध्ये पाच वर्षांत २ टक्के अचूकतेचे भाकीत केले. त्यांचे गणित सदोष नव्हते. ते घटनांच्या संख्येवर अवलंबून होते. २०२३ पर्यंत प्रकाशातही निर्विवादपणे दिसलेली अशी दुसरी घटना मिळालीच नाही.

भावी यंत्रांविषयी हाच विवेक हवा. १० हर्ट्झपासून सुमारे १७ मिनिटे ऐकू येणारी न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी ५ हर्ट्झपासून पावणेदोन तास ऐकू येईल. तेवढ्यात पृथ्वी फिरल्याने आइन्स्टाइन टेलिस्कोपला दिशेचा अंदाज येईल. कॉस्मिक एक्सप्लोररच्या ४० किलोमीटर लांबीच्या भुजा फार दूरचे स्रोत टिपतील. पण तेथील दीर्घिकांच्या याद्या अपूर्ण आहेत. शिवाय यंत्राच्या अंशांकनातील सामाईक त्रुटी घटनांची संख्या वाढल्याने कमी होत नाही.

समारोप :
केवळ संवेदनशीलता म्हणजे अचूकता नव्हे. परस्परांपासून दूर असलेल्या यंत्रांचे जाळे, दुर्बिणी आणि दीर्घिकांची सर्वेक्षणे यांची जोड अपरिहार्य आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळालेल्या हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडियाचे महत्त्व याच दृष्टीने आहे. तिच्या भुजा ४ किलोमीटरच्याच असतील. परंतु तिच्या भौगोलिक स्थानामुळे आकाशातील अनिश्चित क्षेत्र आकुंचित होईल. तिचे मूल्यमापन भुजांच्या लांबीपेक्षा या योगदानावरून व्हावे, असे वाटते.